कुमारांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं आणि ती शैली येते कुठून?

आधी तुझा प्रश्न मला कसा समजला ते सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. तू बावीस वर्षांची आहेस, भौतिकशास्त्रात पदवी झालीय, बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी विज्ञान कादंबरी लिहायला घेतलीयस, मंगळावर घडणारी. तुला विचारायचंय की असं लिहिणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात, त्यावर पोट चालतं का आणि शैली कशी कमवायची. सोबत पहिला परिच्छेद टाकलायस आणि लिहिलंयस की चौदा वर्षांच्या भावाला वाचायला दिलं तर दोन पानांनंतर त्याने फोन हातात घेतला, तर आता अजून किती सोपं करू?

मी गेली अठरा वर्षं याच वयाच्या वाचकांसाठी लिहितेय, सात कादंबऱ्या झाल्या, आठवी चालू आहे. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

तर पहिली गोष्ट, सोपं करू नकोस. तुझा परिच्छेद असा आहे, "आर्या ही एक जिज्ञासू मुलगी होती. सन २१८७ मध्ये मंगळावर सात वसाहती होत्या. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यामुळे तेथील जीवन वेगळे होते." यात अवघड काय आहे? काहीच नाही. तुझा भाऊ कुठेही अडला नाही, तो उठून गेला, आणि या दोन्हीत खूप फरक आहे. त्याला दुसऱ्याच ओळीला कळलं की कोणीतरी आपल्याला शिकवतंय. आर्याने अजून काही केलेलं नाही, तिला काही हवंय असं दिसत नाही, तिच्यावर काही ओढवलेलं नाही, आणि आपण मात्र तिच्या ग्रहाची माहिती ऐकतोय. चौदाव्या वर्षी दिवसभर कोणी ना कोणी माहिती देतच असतं गं, मग गोष्टीतही तेच कशाला वाचायचं.

म्हणजे तुझा खरा प्रश्न सोप्या भाषेचा नाहीये, उभं कुठे राहायचं याचा आहे. तू मंगळाच्या बाहेर, बऱ्याच उंचीवर उभी राहून खाली बघतेयस. आर्या मात्र आत आहे. तिच्यासाठी ३८ टक्के वगैरे काही नसतंच, तिला तेवढंच वजन माहितीये. तिला विचित्र वाटेल ती पृथ्वी, जिथे बादली उचलताना खांदा दुखतो. ही नजर एकदा पकडलीस की अर्धी शैली आपोआप येते, शपथेवर सांगते, आणि नाही पकडलीस तर कितीही छान वाक्यं लिही, ती पाठ्यपुस्तकाचीच वाटतात.

माझं स्वतःचं उदाहरण देते, कारण मला हे सगळं एकाच प्रकरणातून कळलं. तिसऱ्या कादंबरीत मंगळावरची एक मुलगी होती आणि तिचे बाबा पृथ्वीवर. दोघांचं भांडण होतं. आता पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सारखं बदलत असतं, त्यामुळे रेडिओ संदेश एका बाजूने पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं नीट समजावलं होतं, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, अंतर इतकं, म्हणून उशीर इतका. अख्खा परिच्छेद. मग एकदा कागदावर गणित करत बसले, म्हटलं आत्ता एका बाजूने १२ मिनिटं लागतायत असं धरू. मुलगी रागात काहीतरी भयंकर बोलते आणि पाठवते, ते शून्यावं मिनिट. पाचव्या मिनिटाला तिला पश्चात्ताप होतो आणि ती माफी पाठवते. राग बाबांकडे बाराव्या मिनिटाला पोचणार, माफी सतराव्या. ती पाच मिनिटं कशानेही कमी होत नाहीत, माफी रागाला वाटेत गाठूच शकत नाही. आता बाबांनी राग ऐकल्या ऐकल्या उत्तर दिलं तर ते तिच्याकडे चोविसाव्या मिनिटाला येईल. माफी ऐकून मग दिलं तर एकोणतिसाव्याच्या आधी येऊच शकत नाही. म्हणजे चोवीस ते एकोणतीसच्या मधे जर स्क्रीन उजळली, तर ते उत्तर रागाच्या मेसेजला आहे, माफीला नाही, हे तिला मेसेज न उघडताच कळणार.

हे कागदावर दिसलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी समजावणारा परिच्छेद काढून टाकला आणि फक्त ती मुलगी घड्याळाकडे बघत बसलीय आणि मनात म्हणतेय की आत्ता काही येऊ नये, बाबांनी आत्ता काही बोलू नये, एवढंच लिहिलं. सत्ताविसाव्या मिनिटाला मेसेज येतो. ती तो उघडत नाही, दुसरा येईपर्यंत थांबते. हे मी आठ-नऊ मुलांना वाचून दाखवलं, एरवी चुळबुळ करणारी पोरं गप्प झाली आणि मागे बसलेली एक मुलगी म्हणाली "मग तिने पहिला उघडला का नाही?" प्रकाशाचा वेग मी कुठेच सांगितला नव्हता, पण घरी जाऊन दोघांनी स्वतःच गणित केलं आणि पुढच्या वेळी मला येऊन सांगितलं की बरोबर आहे.

मला जे म्हणायचंय ते हेच. विज्ञान ही गोष्टीच्या मागची सजावट नाही आणि मुलांना गोळीत घालून द्यायचं औषधही नाही. ते तिथे असायला हवं जिथे मुलीला निर्णय घ्यायचाय आणि ते निसर्गाचे नियम तिचा निर्णय अवघड करतायत. तू भौतिकशास्त्र शिकलीयस, तुझ्याकडे याचा खजिना आहे, पण तू तो पहिल्या पानावर ओतून मोकळी झालीस.

तुझ्याच आर्याचं बघ. ती चौदा वर्षांची आहे म्हणतेस, पण कुठली चौदा? मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, म्हणजे तिथल्या हिशोबाने तिला साडेसात पण पूर्ण नाहीत. मग वाढदिवस कुठला? पृथ्वीवरची आजी एक तारीख धरून फोन करणार आणि वर्गातली मुलं दुसराच दिवस मानणार. तिला स्वतःला कुठलं वय आपलं वाटतं? आणि समजा पंधरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बाहेर पडायची परवानगी नाही असा नियम असेल, तर ती मुलगी कुठल्या कॅलेंडरवर भांडेल? बघ, वर्षाची लांबी हा एक आकडा होता, त्यातून तुला घरातलं एक खरं भांडण मिळालं. तसंच दिवसाचं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ ४० मिनिटांनी मोठा. मंगळावर फिरणारे रोव्हर्स, म्हणजे यंत्रगाड्या, पृथ्वीवरून चालवणाऱ्या टीम्स मोहिमेच्या सुरुवातीला मंगळाच्या वेळेने जगायच्या, रोज ४० मिनिटं उशिरा ऑफिस, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांत दिवसाची रात्र होते. त्या लोकांच्या घरच्यांचं काय होत असेल याचा विचार कर, त्यात आख्खी गोष्ट आहे.

जिथे कोणालाच माहीत नाही तिथे तुला मोकळीक आहे, हेही लक्षात ठेव. वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला साधारण एक ते दीड टक्का झिजतात हे माहितीये, सलग सगळ्यात जास्त म्हणजे ४३७ दिवस अवकाशात राहिलेला माणूस व्हॅलेरी पोल्याकोव, १९९४-९५ मधे. चंद्रावर बारा माणसं उतरली, पण सगळ्यात लांब मुक्काम जेमतेम ७५ तासांचा. ३८ टक्के गुरुत्वात वाढलेलं मूल कसं असेल, उंच होईल का, पृथ्वीवर आलं तर उभं राहू शकेल का, हे सांगणारं एकही माणूस अजून जन्मलेलं नाही. तिथे तू ठरव. एकदा ठरवलंस की मात्र शेवटपर्यंत पाळ. मी एका पुस्तकात एकच खोटी गोष्ट घेते, म्हणजे आजच्या विज्ञानात न बसणारी, ती पहिल्या काही पानांतच घेते आणि बाकी सगळं तिच्या परिणामांनी चालू देते. पंधराव्या प्रकरणात अडचण आली म्हणून नवीन यंत्र काढलं तर मुलं माफ करत नाहीत, मोठे वाचक एकवेळ करतील.

आता भाषेबद्दल, कारण शैली म्हटलं की लोकांना तेवढीच आठवते. मुलांची आत्ताची बोली उचलून पात्रांच्या तोंडी घालू नकोस. आजचे शब्द तीन वर्षांत शिळे होतात आणि तुझी गोष्ट तर २१८७ मधली आहे. त्यापेक्षा तिथल्या मुलांनी तिथल्या वस्तूंना काय नावं पाडली असतील ते शोध. एअरलॉकला, म्हणजे बाहेर जाता-येताना आतली हवा सांभाळणाऱ्या दोन दारांच्या खोलीला, कोणी 'दाबनियंत्रक कक्ष' म्हणणार नाही, रोज दहा वेळा ज्याचं नाव घ्यायचं ते आखडतंच, आई ओरडेल "लॉक लावलास का नीट?" तसंच 'प्राणवायू' निवेदनातही लिहिताना दोनदा विचार कर, चौदा वर्षांची मुलगी ऑक्सिजनच म्हणते. उलट जिथे छान मराठी शब्द आहे, उल्का, धुरळा, कक्षा, ग्रहण, तिथे इंग्रजीकडे धावायचं कारण नाही.

अजून एक, हे मराठीत लिहिणाऱ्यांनाच छळतं. इंग्रजीत या वयाच्या पुस्तकांमधे 'मी' आणि साधा वर्तमानकाळ भरपूर चालतो, ते वाचून आपल्याकडे नवीन लिहिणारे पण तसंच करतात. मराठीत "मी धावते" म्हटलं की ती रोज धावते असं वाटतं, म्हणून मग "धावतेय, बघतेय, ऐकतेय, थांबतेय" सुरू होतं आणि दोनशे पानं ते 'तेय तेय' कानाला टोचतं. मी पहिल्या पुस्तकात हे केलं आणि अर्धं पुस्तक परत लिहिलं. तेव्हापासून साधा भूतकाळ आणि तृतीय पुरुष, पण नजर पूर्ण त्या मुलीची, तिला न दिसणारी एकही गोष्ट निवेदनात नाही. हा नियम नाहीये, माझी सवय आहे, तुझ्या कानाला दुसरं बरं वाटलं तर ते कर, फक्त मोठ्याने वाचून बघ.

मोठी माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न तुला लवकरच पडेल. आईबाप असले की ते प्रश्न सोडवतात, म्हणून पुष्कळ लेखक त्यांना आधीच मारून टाकतात. मला ते आवडत नाही. खऱ्या आयुष्यात मुलांचे आईबाप असतात, प्रेमळ असतात आणि तरीही वेळेवर पोचत नाहीत, शिफ्टला असतात, बारा मिनिटं लांब असतात, किंवा त्यांना मुलीचं म्हणणं पटत नसतं. हे जास्त खरं आहे आणि लिहायला जास्त चांगलं. शेवटचा निर्णय मात्र मुलीचाच हवा, चुकीचा असला तरी चालेल. मृत्यू, युद्ध, भीती यातलं काही वर्ज्य नाही, ही मुलं ते सगळं झेलू शकतात. पुस्तक मिटताना आपण करतो त्याने काही फरकच पडत नाही असं त्यांना वाटायला नको, एवढं एक मी जपते.

आता आयुष्याबद्दल. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, घरची जबाबदारी किती, नोकरी कसली, कुठल्या भाषेत लिहितेयस, एकच पुस्तक की मालिका. त्यामुळे मी फक्त माझं सांगते. मी अर्धवेळ नोकरी करते, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची माहितीपुस्तकं लिहायची. अठरा वर्षांत ती सोडलेली नाही आणि तुलाही सांगेन की पहिल्या पुस्तकाच्या जोरावर काही सोडू नकोस. मानधन एकदा येतं, रॉयल्टी वर्षातून एकदा-दोनदा आणि तिचा अंदाज बांधता येत नाही, शाळांमधली सत्रं, कार्यशाळा, अनुवाद असं मिळून जमतं. नोकरीमुळे मला एक मिळालं, घाईत वाईट पुस्तक द्यावं लागलं नाही.

सकाळी सव्वापाच ते साडेसात लिहिते, चारशे ते सहाशे शब्द, जास्त नाही. पहिला खर्डा सहा-सात महिने आणि पुनर्लेखन जवळजवळ वर्षभर. म्हणजे या कामात नवीन लिहिणं कमी आणि खोडणं, तपासणं, वाचणं जास्त आहे. एक तक्ता ठेवलाय त्यात प्रत्येक प्रकरणाला तारीख, पात्रांची वयं, ग्रहांची अंतरं, कोणाला कुठली गोष्ट कधी कळली. मागे एकदा हा तक्ता न ठेवल्याने चंद्रावरची दोन पात्रं पृथ्वीशी अशी बोलत होती जणू शेजारच्या खोलीत आहेत, मधे अडीच सेकंद जायला हवे होते, सव्वा सेकंद जायला आणि तेवढाच यायला. छापून आल्यावर एका सातवीतल्या मुलाचं पत्र आलं, वहीच्या पानावर आकृती काढून, आणि खाली लिहिलं होतं की बाकी पुस्तक आवडलं. पुढच्या आवृत्तीत मी तो प्रसंग दुरुस्त केला आणि त्याला कळवलं. ते पान अजून माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे.

संशोधनात वेळ खूप जातो आणि त्यातलं जवळजवळ काहीच पानावर येत नाही, याची तयारी ठेव. पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ मधे मंगळावर उतरला तेव्हा त्याच्यावर मायक्रोफोन होते, त्यामुळे आता आपल्याला माहितीये की तिथे आवाज सेकंदाला साधारण २४० मीटरने जातो, इथे ३४०, आणि बारीक, उंच आवाज विरळ हवेत लवकर विरून जातात. मी यावर दोन आठवडे वाचत होते. पुस्तकात आलं एक वाक्य, की बाहेरून येणाऱ्या हाकेत तिला भावाचा आवाज ओळखू आला नाही, त्यातलं लहानपण गळून गेलं होतं. रॉबर्ट हाइनलाइन १९४७ ते १९५८ या काळात कुमारांसाठी दरवर्षी एक अशा बारा कादंबऱ्या लिहीत होता, त्याने सांगून ठेवलंय की एका पुस्तकातल्या यानाच्या मार्गासाठी तो आणि त्याची बायको व्हर्जिनिया तीन दिवस लांबलचक कागदांवर आकडेमोड करत होते आणि त्यातून पुस्तकात आली फक्त एक ओळ. ही मेहनत वाया जात नाही. गणित स्वतः केलेलं असलं की पात्र त्या जगात घरच्यासारखं वावरतं, ते वाचकाला जाणवतं.

वाचकांमधे राहणं हा माझ्या आयुष्याचा दुसरा मोठा भाग. महिन्यातून एकदा त्या आठ-नऊ मुलांना खर्डा वाचून दाखवते. कसं वाटलं असं विचारत नाही, कारण ती चांगली मुलं आहेत, छान वाटलं म्हणतात. मी हातात पेन्सिल ठेवते आणि कोणी बुटाच्या लेसशी खेळायला लागलं, खिडकीकडे बघितलं की त्या ओळीच्या बाजूला टिंब देते. घरी येऊन बघते तर टिंबं बहुतेक वेळा तिथेच असतात जिथे मला स्वतःचं लिहिणं फार आवडलेलं असतं. वाईट वाटतं, पण पुढच्या दिवशी ते खोडते.

नकाराबद्दल थोडं, कारण तू वयाचा उल्लेख केलायस. मेरी शेलीने १८१६ मधे ज्या कादंबरीला, 'फ्रँकनस्टाइन'ला, हात घातला आणि जिला अनेकजण पहिली विज्ञान कादंबरी मानतात, ती सुरू करताना ती अठरा वर्षांची होती, त्यामुळे बावीस हे काही लहान वय नाही. दुसऱ्या बाजूला मॅडलिन लेंगलचं 'अ रिंकल इन टाइम' हे पुस्तक पंचवीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारलं, हे मुलांसाठी की मोठ्यांसाठी तेच कोणाला ठरवता येईना, शेवटी १९६२ मधे आलं आणि पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. आणि जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे नाव न बघता कथेचं काय ते ठरावं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तू पण शक्य असेल तिथे नाव झाकून दे, मैत्रिणींना देतानासुद्धा. तुझ्यावरच्या प्रेमाने आलेली दाद खर्ड्याच्या कामाची नसते.

आता तुझ्यापुरतं सांगते. भाषा अजून सोपी करू नकोस, माहितीचा पहिला परिच्छेद पूर्ण काढ, आणि आर्याला काय हवंय आणि मंगळाचा कुठला नियम तिला ते मिळू देत नाही हे आधी स्वतःच्या वहीत लिही. मग पहिलं पान तिथून सुरू कर जिथे ती ते मिळवायला काहीतरी करतेय, सात वसाहती आणि २१८७ साल पुढे आलं तर येऊ दे, नाही आलं तरी चालेल. हे पान भावाच्या हातात देऊ नकोस. त्याला समोर बसवून वाचून दाखव, पानाकडे कमी आणि त्याच्या हातांकडे जास्त बघ, आणि तो फोन कुठल्या ओळीला उचलतो तिथे टिंब दे. ती ओळ इथे टाक, मी बघते.